पुसणारा हात

नोकरीतली पहिली खरी बोलणी मी खाल्ली ती दहा मिनिटांच्या एका फोनमुळे. साल 1990. आगाशीला आमच्या घरी फोन नव्हता. भावाने शेजारच्या दुकानातून लावलेला, त्यामुळे ऑफिसातून निरोप आला तशी मी घाबरून धावले. आजीला बरं नव्हतं, एवढंच होतं. परत आले तर बर्फात असायला हव्या होत्या त्या पेशींच्या अर्काच्या सहा नळ्या टेबलावरच्या स्टँडमध्ये तशाच उभ्या. मी त्या गुपचूप बर्फात खोचल्या आणि कुणाला काही बोलले नाही.

दोन दिवसांनी डार्करूममधून फिल्म ओलीच बाहेर आणली, खिडकीशी धरली. कोरी. सहा रकान्यांत एक रेघ नाही. सरांनी मग प्रथिनं चढवलेल्या त्याच पट्टीवर दुसरं प्रतिपिंड टाकायला सांगितलं, प्रथिन एकूण किती आहे ते दाखवणारं. तेव्हा मात्र सहाही रकान्यांत काळीभोर रेघ उमटली. म्हणजे प्रथिन जागच्या जागी होतं, त्याच्यावरची खूण तेवढी गेली होती. सरांनी विचारलं, "नळ्या बाहेर राहिल्या होत्या ना?" मी मान हलवली. पुढचं काही इथे लिहीत नाही. पण शेवटी ते म्हणाले, "नळ्या विसरलीस त्याचा राग नाही. दोन दिवस गप्प बसलीस, त्याचा आहे."

परळच्या बाजूला एका संशोधन संस्थेत मी एकतीस वर्षं टेक्निशियन होते. शास्त्रज्ञ नव्हे, हे आधीच सांगते, कारण गावात लोक काहीही समजतात. शोधनिबंधांवर माझं नाव पाच-सहा वेळा आलं, तेही मध्ये कुठेतरी. एरवी शेवटच्या आभारांत. माझं काम म्हणजे पेशी वाढवणं, त्या फोडणं, त्यातली प्रथिनं जेलवर धावडवणं, आणि या सगळ्याला लागणारी बफर बनवणं. विषय एकच, प्रथिनांवर पडणाऱ्या रासायनिक खुणा आणि त्या खुणांवरून पेशी काय ऐकते ते.

या खुणा कशा असतात हे घरच्यांना समजावताना मी एसटीच्या तिकिटाचा आधार घ्यायचे. आगाशीहून विरारला जाताना पूर्वी कंडक्टर रंगीत कागदाच्या चिटोऱ्याला पंच करायचा. कागद तोच, छपाई तीच, पण भोक कुठे पडलं त्यावर तुम्ही कुठवर जाणार ते ठरायचं. प्रथिनाचंही तसंच. पेशीत ते एकदा बनलं की त्याची साखळी बदलत नाही. पण त्यावर ठरावीक जागी फॉस्फेटचा एक लहानसा गट चिकटतो आणि प्रथिन जागं होतं, नाहीतर झोपतं, नाहीतर जागा सोडून दुसरीकडे जातं. आमच्या कामातलं एक नेहमीचं प्रथिन होतं, सार्क म्हणतात त्याला. त्याच्या 416व्या जागी फॉस्फेट बसलं की ते कामाला लागतं. 527व्या जागी बसलं की शेपूट अंगाशी ओढून गप्प पडतं. खूण तीच, प्रथिन तेच, जागा वेगळी. कोंबड्यांत कॅन्सर करणारा एक विषाणू 1911 साली पेटन राऊस यांनी दाखवला, त्याच्याजवळचं सार्क शेपटाविना असतं. मग त्याला गप्प कोण बसवणार?

वजन म्हणाल तर काहीच नाही. सार्क साधारण साठ हजार डाल्टनचं, फॉस्फेटची भर ऐंशीची. साठ किलोच्या बाईने केसांत मोगऱ्याचा भरगच्च गजरा माळावा, तेवढंच. पण या गजऱ्यावर ऋणभार असतो. त्याने प्रथिनाच्या घड्या बदलतात, आणि शेजारच्या प्रथिनाला तो हुकासारखा लागतो. पेशीच्या बाहेर एखादं संप्रेरक येऊन दार वाजवतं, दारावरचं प्रथिन स्वतःवर खूण करून घेतं, ती खूण बघून आतलं दुसरं येतं, ते तिसऱ्यावर खूण करतं, आणि असं करत निरोप पार केंद्रकापर्यंत पोचतो. खूण करणाऱ्या एन्झाइमांना कायनेज म्हणतात. माणसात ती पाचशेच्या वर आहेत. खूण पुसणारी फॉस्फटेज, ती संख्येने बरीच कमी. माझ्या नळ्यांत घात केला तो या पुसणाऱ्यांनी. पेशी फुटली, मेली, तरी त्यांचं काम चालूच असतं. थंडीने ती जरा आखडतात, म्हणून बर्फ.

नुसत्या बर्फाने मात्र भागत नाही. पुसणाऱ्यांना थोपवायला आम्ही सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट घालायचो, आणि ते बनवणं हे माझं खास काम. पांढरी पूड पाण्यात विरघळवून पीएच दहावर आणला की द्रावण पिवळं होतं, अगदी हळदीच्या पाण्यासारखं. मग ते उकळायचं. उकळता उकळता पिवळेपणा जातो आणि साधं पाणी दिसायला लागतं. गार करायचं, पुन्हा मोजायचं, बहुतेक वेळा आकडा हललेला असतो. पुन्हा दहावर आणायचं, पुन्हा पिवळं, पुन्हा उकळी. असं करत दहाच्या आकड्यावर ते बिनरंगी टिकेपर्यंत. घाईत पिवळंच वापरलं तर त्यातल्या व्हॅनाडेटने एकमेकांचे हात धरलेले असतात, पुसणाऱ्यांना ते अडवत नाही. नवीन मुलं विचारायची, "मॅडम, कितीदा उकळायचं?" याला उत्तर नाही. रंग जाईपर्यंत.

माझी अगदी सुरुवात मात्र याहून साध्या गोष्टीवर अडखळली होती. पहिल्याच आठवड्यात फॉस्फेट मोजायला दिलं. पद्धत फिस्के आणि सुब्बाराव यांची, 1925 सालची. यातले सुब्बाराव म्हणजे आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव, पुढे अमेरिकेत गेले आणि तिथेच राहिले. मॉलिब्डेट घालायचं, निळा रंग येतो, जितका गडद तितकं फॉस्फेट जास्त. माझी कोरी नळी, जिच्यात काहीच नव्हतं, तीही निळी झाली. दोनदा झाली, तीनदा झाली. लॅबमधल्या मामांनी लांबूनच विचारलं, "काच कशाने धुतली?" मी घरच्यासारखी पावडरने खसाखसा घासली होती. त्या पावडरीतच फॉस्फेट. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेऊन आलेल्या मला हे सातवी शिकलेल्या माणसाने सांगितलं. त्यानंतर काच धुण्याचं काम मी कधी हलकं मानलं नाही.

तेव्हा सकाळी पाचला घर सोडायचं. विरारला गाडीत शिरायचं हा एक वेगळाच विषय आहे, त्यावर बायकांनी इतकं लिहिलंय की मी भर घालत नाही. लगेजच्या डब्यात आमच्याकडच्या फुलवाल्या टोपल्या घेऊन दादरला निघालेल्या असायच्या. आमच्या डब्यापर्यंत जाई-मोगऱ्याचा वास यायचा आणि भाईंदरपर्यंत घामात विरून जायचा. दादरला उतरून मागची धिमी पकडायची आणि एल्फिन्स्टन रोडला उतरायचं, त्याला आता प्रभादेवी म्हणतात. इतक्या दुरून येणारी म्हणून मला संध्याकाळच्या पेशी देत नसत. पण पेशींना घड्याळ कळत नाही. कितीदा तरी शेवटच्या गाड्यांनी परतलेय.

सुरुवातीच्या त्या काळात आम्ही खुणा बघायचो त्या जास्त करून किरणोत्सारी फॉस्फरसने. त्याचं अर्धायुष्य चौदा दिवसांचं. माल आला की कामाचं वेळापत्रक त्याच्या हातात, तुमच्या नाही. दिवाळी असो की घरात लग्न, दोन आठवड्यांत तो निम्मा होणार. पुढे जाड अ‍ॅक्रेलिकची पाटी, छातीला बॅज, शेजारी टकटक करणारं यंत्र. पेशींना हा फॉस्फरस खाऊ घालायचा, त्या खुणा करताना तोच वापरतात, मग जेलवर फिल्म ठेवली की खुणा आपोआप उमटतात. मी हे काम चार वर्षं केलं आणि मला ते आवडायचं. त्या टकटकीची सवय झाली होती.

मग दिवस गेले. ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी सरांना सांगितलं, आणि त्यांनी दुसऱ्या दिवसापासून मला त्या खोलीतून बाहेर काढलं. तेव्हा राग आला होता. हातचं काम काढून घेतलं असं वाटलं. मला प्रतिपिंडांच्या कामाला लावलं, आणि पुढची सगळी वर्षं मी तेच केलं. म्हणजे वळण मी निवडलं नाही, ते पोटातल्या पोरीने निवडलं.

प्रतिपिंडांच्या कामात मी एक चूक जवळपास वर्षभर केली, ती सांगायला हवी. प्रथिनं पट्टीवर चढवल्यावर मोकळ्या जागा कशाने तरी झाकाव्या लागतात, नाहीतर प्रतिपिंड सगळीकडे चिकटतं. स्वस्त उपाय म्हणजे साय काढलेल्या दुधाची भुकटी. सगळे वापरायचे, मीही वापरली. पण खुणा शोधणारी प्रतिपिंडं लावली की पट्टी धुरकट काळी यायची, ग्रहणातल्या काचेसारखी. मी धुणं वाढवलं, प्रतिपिंड पातळ केलं, देवाचं नाव घेतलं. एका कार्यशाळेत पुण्याहून आलेल्या एका बाईंनी माझी पट्टी बघितली आणि हसल्या. दुधातलं केसीन हे स्वतःच फॉस्फेटने लगडलेलं प्रथिन आहे. खुणा शोधायला निघाले होते आणि सगळ्या पट्टीवर मीच खुणा सारवत होते. त्यानंतर गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन आणलं. महाग पडलं, पण पट्टी स्वच्छ झाली. वर्षभराच्या फिल्म मी टाकून दिल्या नाहीत, नवीन मुलांना दाखवायला ठेवल्या होत्या.

सर चहाच्या वेळी गोष्टी सांगायचे. एक कायम सांगायचे, 1979 सालची. कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर एका विषाणूच्या प्रथिनावरच्या खुणा तपासत होते. तोवर सगळ्यांची समजूत अशी की फॉस्फेट सेरीन आणि थ्रिऑनीन या दोनच अमिनो आम्लांवर बसतं. ती वेगळी करायला जे बफर लागतं त्याचा पीएच 1.9 असायला हवा. हंटर यांनी ताजं न बनवता जुनंच बफर पुन्हा वापरलं. वापरून वापरून ते 1.7वर उतरलेलं. ताज्या बफरमध्ये दोन ठिपके एकाच जागी पडले असते. शिळ्यात ते सुटे झाले, आणि हंटरना असा एक ठिपका दिसला जो कशाशीच जुळत नव्हता. ते टायरोसीन निघालं. पेशीतल्या वाढीच्या निरोपांचं अख्खं दालन या एका ठिपक्यातून उघडलं, कारण टायरोसीनवरच्या खुणा इतक्या विरळ असतात की कुणी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याच्याही आधीची. सिएटलमध्ये एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स 1955च्या सुमारास स्नायूतल्या एका एन्झाइमच्या मागे होते. स्नायूचा अर्क कागदातून गाळला की त्यांचं एन्झाइम जागं व्हायचं. गाळणकागदाऐवजी यंत्रात फिरवून साफ केला तर नाही. शेवटी कळलं, की कागदातून कॅल्शियमचे कण अर्कात उतरत होते आणि तेच कायनेजला चालना देत होते. प्रथिनावर फॉस्फेट चढवून-उतरवून पेशी काम चालू-बंद करते, हे तिथून पुढे उलगडलं. 1992चं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. गंमत म्हणजे याच एन्झाइमवरची खूण पुसणारं फॉस्फटेज त्याच्या दहाएक वर्षं आधीच कोरी यांच्या प्रयोगशाळेत सापडलं होतं. ते नेमकं काय पुसतंय, हेच तेव्हा कळलं नव्हतं.

या गोष्टी ऐकून आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "मग मॅडमनी जुनं बफर फेकायचं कशाला?" सगळे हसले. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण शिळं बफर सगळ्याच लॅबमध्ये असतं. हंटरनी तो न जुळणारा ठिपका सोडून दिला नाही, आणि बफरचा आकडा किती उतरला होता हेही नंतर कळलं. नाहीतर तोही कचरा म्हणून गेला असता. तेव्हापासून मी प्रत्येक बाटलीवर तारीख, आकडा आणि नावाची दोन अक्षरं लिहायला लागले. तारीख नसलेली बाटली दिसली की कुणाचीही असो, सिंकमध्ये ओतायचे. यावरून भांडणं झाली आहेत.

माझा ओढा हळूहळू पुसणाऱ्यांकडे गेला, हे आता मागे वळून बघताना कळतं. लॅबमध्ये कायनेजचा तोरा असतो. औषधं त्यांच्यावर, पैसा त्यांच्यावर. पण आजाराच्या गोष्टी जवळून ऐकल्या तर बहुतेक ठिकाणी बिघडलेलं असतं ते थांबणं.

आमची आजी पटकीच्या आठवणी सांगायची. सकाळी धडधाकट माणूस दिवेलागणीला गेलेला. ती म्हणायची, अंगातलं पाणी कुणीतरी उपसून नेतं. हे किती खरं आहे ते मला नोकरी लागल्यावर कळलं. पटकीचं विष शोधलं कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी, 1959 साली. त्याचं काम असं, की आतड्याच्या पेशीत निरोप पोचवणारं एक प्रथिन असतं, ते निरोप दिला की स्वतःच स्वतःला बंद करतं. विष त्या प्रथिनावर एक रासायनिक गट चिकटवतं, फॉस्फेट नव्हे, त्याहून बोजड. त्याने बंद होण्याची सोयच मोडते. दार उघडं ते उघडंच. पेशी क्षार बाहेर टाकत राहते, क्षारामागून पाणी, जोराच्या आजारात तासाला लिटरभरसुद्धा. जंतूने नवीन काहीच निर्माण केलेलं नसतं, नळ आपलाच असतो. साखर-मिठाचं पाणी का चालतं, तर साखरेबरोबर मीठ आत घेणारी वेगळी वाट त्या विषाने मोडलेली नसते. आजी गेली तेव्हा हे सगळं मला इतकं नीट माहीत नव्हतं. सांगायचं राहिलं.

आईचा मधुमेह हा उलटा धडा. तिचं इन्शुलिन सुरू झालं तेव्हा मला फार वाटायचं की तिला समजावून सांगावं, सुई टोचल्यावर पेशीच्या दारात टायरोसीनवर खूण पडते आणि तिथून साखर आत घ्यायचा निरोप निघतो. आई म्हणायची, "ते तुझं राहू दे, तीन महिन्यांचा आकडा किती आलाय ते सांग." तो आकडा, एचबीएवनसी, हीसुद्धा प्रथिनावरची खूणच. पण ती कुणी करत नाही. रक्तातली जास्तीची साखर हिमोग्लोबिनला आपसूक चिकटते, आणि पुसणारं कुणी नसतं. तांबडी पेशी साधारण एकशेवीस दिवसांनी मरते, तेव्हाच ती खूण जाते. म्हणून त्या आकड्यात तीन महिने दिसतात. परीक्षेच्या आधी आठ दिवस अभ्यास केल्यासारखं, रिपोर्टच्या आधी आठ दिवस गोड बंद करून आई त्या आकड्याला फसवू बघायची. तो फसायचा नाही.

थांबण्याच्या बिघाडाची सर्वात मोठी गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांसमोर घडली. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये नववं आणि बाविसावं गुणसूत्र आपले तुकडे अदलाबदल करतात. जोडावरून एक असं कायनेज तयार होतं ज्याला बंद व्हायचं माहीतच नाही. त्याच्या खाचेत बसून ते अडवणारी गोळी, इमॅटिनिब, अमेरिकेत 2001 साली मंजूर झाली. आमच्या लॅबमध्ये त्या दिवसांत उत्साह असा होता की जणू ती आम्हीच बनवली. तोवर आमचं काम म्हणजे काळ्या पट्ट्या. पट्टी पुसली म्हणजे माणूस वाचतो, हे आम्हाला कुणी दाखवलं नव्हतं.

त्याच सुमारास गाडीत नालासोपाऱ्याची एक बाई ओळखीची झाली. भावाला हाच आजार. कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर, आपल्याकडच्या कंपन्यांची आठ-दहा हजारांत. या स्वस्त गोळीवर पेटंटची तलवार कितीतरी वर्षं लटकत होती. नोव्हार्टिसच्या दाव्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत मुंबईचीच कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती, आणि 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम 3(ड)वर बोट ठेवून तो दावा फेटाळला. पण हे पुढचं. तेव्हा ती मला विचारायची, "ताई, ही गोळी जन्मभर का घ्यायची? कधी बंद होणार?" मी मीरा रोडपासून बोरिवलीपर्यंत समजावलं. गोळी त्या कायनेजला मारत नाही, नुसता त्याचा हात धरते, म्हणून हात सोडायचा नाही. ती ऐकत राहिली. उतरताना म्हणाली, "म्हणजे टिकेल ना तो?" तिला एवढंच विचारायचं होतं, आणि त्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. काहींच्या बाबतीत त्या खाचेतलं एकच अमिनो आम्ल बदलतं आणि गोळी बसेनाशी होते, हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, ते आजही ठरवता येत नाही. पुढे तिची गाडी बदलली, भेट राहिली.

26 जुलै 2005च्या मुंबईतल्या पुराचं दोन वाक्यांत सांगते, कारण बोलवत नाही. मी ती रात्र अंधेरीच्या अलीकडे डब्यात काढली. तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये पोचले तेव्हा जनरेटर पाण्याखाली होता आणि उणे ऐंशीच्या कपाटातून पाणी ठिबकत होतं. चार वर्षांचे नमुने. प्रथिनं बरीचशी असतीलच त्यात, पण खुणांवर आता विश्वास ठेवता येणार नव्हता. सरांनी एक डबा उघडला, बघितला, झाकण लावलं. "फेका," म्हणाले. दुपारभर मी आणि मामा लाल पिशव्या भरत होतो. कुणी कुणाला काही बोललं नाही.

या सगळ्यात आमची आगाशीची वाडी कुठे येते, तर अगदी शेवटी, आणि तीही एका शोधनिबंधामुळे. आमचे अण्णा राजेळी केळी लावायचे, सुकेळीसाठी. लोंगर उतरवायचे, टोपलीत भाताच्या पेंढ्यात दाबून पिकत घालायचे, पिकलं की साल काढून आठवडाभर उन्हात, रोज संध्याकाळी झाकून ठेवायचं. पिकत घालताना ते मुद्दाम एखादं पिकलेलं केळं मध्ये खुपसायचे. त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने बाकीची पिकतात, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. पण वायू नुसता लागल्याने केळ्याच्या पेशीला काय कळतं?

2012च्या सुमारास याचं उत्तर छापून आलं, मोहरीच्या कुळातल्या एका रानटी रोपावर काम करून काढलेलं. इथिलीन नसतं तेव्हा पेशीत एक कायनेज सतत जागं असतं आणि एका प्रथिनावर फॉस्फेटची खूण करत राहतं. खूण आहे तोवर ते प्रथिन गप्प. इथिलीन आलं की कायनेज थंडावतं, नवी खूण पडत नाही, मग त्या प्रथिनाचं शेपूट तुटतं आणि केंद्रकात जाऊन पिकण्याची कामं सुरू करतं. मी वीस-बावीस वर्षं खूण म्हणजे निरोप असं धरून चालले होते. इथे खूण म्हणजे गप्प बसा, आणि ती नाहीशी होणं हा निरोप. माझ्या त्या 1990च्या कोऱ्या फिल्मकडे बघून असा विचार कुणाच्या डोक्यात आला नसता, निदान माझ्या तरी नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही.

रविवारी टोपलीशी बसून अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी पेंढा दाबता दाबता ऐकलं. मग म्हणाले, "राखणदार डुलकी घेतो तेव्हाच पोरं आंबे पाडतात. ह्याला शास्त्र कशाला पाहिजे?"

अण्णा आता नाहीत. निवृत्त झाल्यावर मी वाडीत उरलेल्या थोड्या राजेळींची सुकेळी स्वतः घालते. पहिल्या वर्षी बुरशी आली, दुसऱ्या वर्षी नीट वाळली नाहीत. लेक हसते, कारण फडताळातल्या प्रत्येक डब्यावर, लोणच्याच्या बरणीवरसुद्धा, तारीख आणि माझ्या नावाची दोन अक्षरं आहेत. यंदाच्या सुकेळीच्या डब्यावर शाईने लिहिलंय: पिकत घातली 4 मार्च, उन्हात 11 मार्च, उतरवली 19 मार्च, एक दिवस ढग. यंदाची चांगली झाली आहेत.